डावा बूट

मेरिबार
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

गस,

शनिवार, १९ जुलै २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. मेरिबारच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात, तिसरं सत्र संपून चौथं सुरू होण्याआधी, तू टोबी नॉस्केला परत खेळायला पाठवलंस. मी त्याला बाहेर काढलेलं असताना पाठवलंस. त्यानंतरच्या मंगळवारी टोबी शहरातल्या हॉस्पिटलात मेला.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलेलं नाही. तक्रार करायची तर आधी दिवस आणि वेळ सांगावी, रडायचं ते मागून, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲलॉयशियस आम्हाला बजावायच्या. दिवस आणि वेळ सांगून झाली. रडायचं तुझं तू बघ.

परवा सार्जंट फाम घरी आला. टोबीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरसाठी सगळ्यांचे जबाब घेतोय. पोरगा सभ्य आहे, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने मला तुझा जबाब वाचून दाखवला. "माझी बहीण बर्नाडेट क्विल्टी क्लबचे प्रथमोपचार बघते. तिने टोबीला तपासलं, तो ठीक आहे म्हणाली, आणि त्याचा बूट तिने स्वतः त्याला परत दिला. म्हणून मी त्याला खेळवलं." खाली तुझी सही.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"तुमचं म्हणणं मी लिहून घेतो, मिसेस क्विल्टी. पण तुमच्या भावाचं म्हणणं वेगळं आहे. क्लबचे अध्यक्ष डिकन यांचंही."

"मिस क्विल्टी. मिसेस करून घेण्याइतका धीट माणूस या गावात निघाला नाही."

बिचारा हसला नाही. त्याला बुटाचं काही कळत नव्हतं, कारण तो इथला नाही. त्याला सांगावं लागलं, की ज्याच्या डोक्याला मार बसतो त्याचा डावा बूट मी काढते आणि माझ्या पिशवीत टाकते. शुद्ध हरपलेल्या माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याचा बूट काढणं सोपं. बूट बर्नीच्या पिशवीत गेला की त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. आमच्या पोरांना माहीत आहे, पाहुण्या संघांना माहीत आहे. तुला तर सगळ्यांच्या आधीपासून माहीत आहे. पहिला बूट तुझाच होता. तू सतरा वर्षांचा होतास, नाकातून रक्त येत होतं आणि उलट्या दिशेने धावत होतास.

टोबीही उलट्या दिशेनेच चालत होता. समोरच्याची मांडी त्याच्या कानशिलावर बसली, तो उठला आणि आपल्याच गोलाकडे निघाला. मी त्याला हाताला धरून बाकावर आणलं.

"आज कुणाशी खेळतोय आपण, टोबी?"

त्याने गेल्या आठवड्यातल्या संघाचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "आपण जिंकतोय ना, बर्नी?" मी हो म्हणाले. त्याने परत तेच विचारलं. मग परत.

मी बूट काढला. तू संघाच्या फळ्यापाशी उभा होतास, चुंबकाच्या सोंगट्या इकडच्या तिकडे करत. मी तुझ्या तोंडावर सांगितलं, "टोबी संपला आजच्यापुरता." तू म्हणालास, "बघतो." मी म्हणाले, "बघायचं काही नाही. बूट माझ्याकडे आहे." तू मान हलवलीस. मग फिट्झीचा खांदा निखळला आणि मी त्याला घेऊन खोलीत गेले.

खांदा बसवत होते तेव्हा हॉर्न ऐकले. जखमी गडी उठून उभा राहिला की मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. जन्मभर तो आवाज मला आवडत आला. मी फिट्झीला विचारलं, "कोण उठलं आता?" आणि तेवढ्यात मला कळलं.

मी बाहेर येईपर्यंत टोबीने चेंडू झेललाही होता. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. तो आधी गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला, दमलेला माणूस बिछान्यावर पडतो तसा. हॉर्न मात्र थांबेनात, कारण मागच्या गाड्यांना दिसलं नव्हतं. त्याचा दोनशेवा सामना होता. क्लबच्या बायकांनी त्यासाठी आठवडाभर चिकटवलेला कागदी पडदा फाडून तो त्याच दुपारी मैदानात शिरला होता. त्याच्या चिंध्या चिखलात तशाच पडल्या होत्या.

टोबीचा बूट अजून माझ्या पिशवीत आहे, चिखलासकट. मर्व डिकन सांगतो, टोबी पडल्यावर तो कुणीतरी पायातून काढला आणि मी नंतर बाकाखालून उचलला. म्हणजे माझा शब्द एकीकडे आणि तुमचे दोघांचे दुसरीकडे.

तू गाडी भरून पश्चिमेला निघून गेलास. पार्कर्स फाइंड गावच्या खाणवाल्यांनी तुला पुढच्या हंगामासाठी प्रशिक्षक नेमलं, हे मला खाटकाच्या दुकानात कळलं. माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. ठीक आहे. आता सार्जंटला एक शब्द लिही. खरा.

बर्नाडेट

•

मेरिबार
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

गस,

महिना झाला, उत्तर नाही. पोस्टाला दोष देऊ नकोस. विजेचं बिल वेळेवर येतं.

काल मर्व डिकन घरी आला, हातात बायकोने केलेला केक. क्लबचा अध्यक्ष केक घेऊन येतो तेव्हा काहीतरी काढून न्यायला आलेला असतो.

"बर्नी, पुढच्या हंगामात पिशवी एखाद्या तरुण मुलीकडे दे. तुला कुणी दोष देत नाहीये गं. वय झालं की होतं असं."

"काय होतं?"

"हेच. विसरायला होतं. बूट दिला की नाही दिला..."

"मर्व, तुझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं त्या रात्री वॉर्डात नर्स मी होते. तू आईच्या नावाने हंबरडा फोडला होतास. मला कसं सगळं आठवतंय, ते बारमध्ये येऊन सांगू?"

तो गेला, केक राहिला. मी तो कोंबड्यांना घातला. पण पिशवीचं काम गेलं. शनिवारी मैदानाच्या कडेची माझी खुर्चीही कुणीतरी उचलून ठेवली होती. चर्चमध्ये माझ्या बाकावर हल्ली भरपूर जागा असते. रेनी नॉस्के मला पाहिलं की रस्त्याची दुसरी बाजू धरते. तिच्या मुलीच्या जन्माच्या वेळी तिचा हात माझ्या हातात होता. तिची नखं उमटली होती. आता तिला वाटतं, तिच्या नवऱ्याला मी मारलं.

हे तुझ्या एका सहीने झालं, म्हणून तुझ्या बाकीच्या सह्या मला आठवायला लागल्या. पोरं गोळा व्हायची, तू त्यांच्या टोप्यांवर सह्या करायचास.

शहरातल्या मोठ्या संघाचा माणूस तुला गव्हाच्या ट्रकवरून उतरवून घेऊन गेला तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास. आई गेल्यापासून तुझे कपडे मीच धूत होते. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात माझा नंबर एकोणीस होता. चादरीपासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर न पुसणाऱ्या शाईने एकोणीस लिहायचं, आणि एकाच्या आकड्याच्या डोक्यावर छोटी टोपी काढायची, नाहीतर सिस्टर परत लिहायला लावायच्या. माझी ती ट्रंक, चादरी आणि लोकरी मोजे मी तुला दिले. संघाने विचारलं, कोणता नंबर हवा? तू म्हणालास, एकोणीस द्या, माझ्या मोज्यांवर आधीच आहे. पेपरात छापून आलं होतं ते. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक नव्या बुटांच्या नाडीखालच्या जिभांवर मी एकोणीस लिहून देत आले. यंदाच्याही.

नऊ हंगाम खेळलास तिथे. किती वेळा मैदानात बेशुद्ध पडलास ते माहीत नाही. जे टीव्हीवर दिसलं ते मी पाहिलं. नाकाखाली झोंबणारी बाटली धरायची, तू मान झटकून उठायचास, आणि टीव्हीवरचा माणूस ओरडायचा, "क्विल्टीचं डोकं लोखंडाचं आहे!" एकदा त्याच संध्याकाळी मी फोन केला. विचारलं, जिंकलात का? तू म्हणालास, "उद्या पेपरात बघून सांगतो." आपण दोघंही हसलो होतो.

गुडघा गेला आणि तू परत आलास. मग प्रशिक्षक. चांगला होतास, ते मी नाकारत नाही. पेरणीच्या दिवसांत एकेकाच्या शेतावर जाऊन त्याच्या ट्रॅक्टरवर शेजारी बसायचास आणि फुटबॉलबद्दल अवाक्षर न काढता परत यायचास. पोरं त्या न बोलण्यासाठी जीव टाकायची. मेरिबारला चषक मिळवून दिलास. मग टास्मानिया, मग उत्तरेकडे कुठेतरी, दोन बायका, दोन्ही गेल्या, आणि चार वर्षांपूर्वी पुन्हा इथे. पहिल्याच सरावाहून आलास आणि माझ्या दारात उभा राहून म्हणालास, "बर्नी, तो नॉस्केचा टोबी बघितलास? असला गडी मला शहरातसुद्धा दिसला नाही. लुथरन आहे, कॅथलिक नाही, पण देव त्याला माफ करील."

तुझा जीव होता त्याच्यावर. म्हणूनच मला हे समजत नाही. समजावून सांग, पण आधी सार्जंटला लिही.

बर्नाडेट

•

मेरिबार
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

गस,

सुगी चालू आहे. गव्हाच्या कोठीपुढे ट्रकांची रांग, हवेत भुसा, धुतलेले कपडे वाळायच्या आत पिवळे होतात. अशा दिवसांत या गावात कुणी कुणाकडे जात नाही. काल भर दुपारी रेनी आली.

जुलैपासून पहिल्यांदा. हातात हॉस्पिटलची प्लास्टिकची पिशवी. टोबीच्या अंगावरचे कापून काढलेले कपडे आणि बूट त्यांनी तिला त्या पिशवीत दिले होते. ती तिने शेडमध्ये टाकली होती, आजवर उघडली नव्हती. परवा सासऱ्याला ताडपत्री हवी होती, ती ओढताना पिशवी खाली पडली.

तिने दोन्ही बूट माझ्या टेबलावर ठेवले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हा उजवा टोबीचा. हा डावा त्याचा नाही."

"कशावरून म्हणतेस?"

"बर्नी, मी त्याचे बूट आठ वर्षं घासलेत. त्याचे काळे होते. हा पांढऱ्या पट्ट्यांचा आहे आणि दोन बोटं मोठा आहे. आतमध्ये पुढे कापूस कोंबलाय. बघ ना, कुणीतरी कापूस कोंबून घातलाय त्याला." तिने बूट माझ्याकडे सरकवला. "म्हणजे तू त्याचा बूट परत दिला नव्हतास."

"नव्हता दिला."

मी माझी पिशवी आणली. तिच्यातून टोबीचा काळा डावा बूट काढला आणि त्याच्या उजव्या जोडीदाराशेजारी ठेवला. दोन्हींवर सारखाच वाळलेला चिखल. रेनी त्या जोडीकडे बघत राहिली.

"मग मी तुला बघून रस्ता का बदलत होते?"

"कारण तुला तसं सांगण्यात आलं होतं."

"तू येऊन सांगितलं का नाहीस?"

"तू रस्ता बदलत होतीस."

मग ती रडली. मी चहा केला. रडून झाल्यावर तिने विचारलं, "हा पांढरा कुणाचा असेल गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही. ठेवून जा. बघते."

ती म्हणाली, सार्जंटला देऊ या. मी म्हणाले, सुगी उरकू दे, मी देते.

ती गेल्यावर मी ओल्या फडक्याने त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बुटाची नाडी पुसली, सैल केली आणि जीभ उलटी केली. चिखलाखाली शाई जशीच्या तशी होती. एकोणीस. एकाच्या डोक्यावर टोपी.

मी इतके दिवस समजत होते की तू मर्वच्या दबावाखाली गप्प राहिलास. कुणा राखीव पोराचा बूट कुणीतरी पळवून टोबीला दिला, आणि तू नुसती डोळेझाक केलीस. तुझ्याबद्दल एवढं बरं मत मी अजून बाळगून होते. तुझे बूट तुझ्या गाडीच्या डिकीत असतात. म्हणजे तू मैदान ओलांडून गाडीपर्यंत गेलास, डिकी उघडलीस, बूट घेतलास, परत आलास, त्यात कापूस कोंबलास आणि खाली बसून त्याची नाडी बांधलीस. त्याला स्वतःला बांधता येत नव्हती ना? मार बसलेल्याची बोटं चालत नाहीत.

एवढ्या वेळात एकदाही तुझा हात थांबला नाही?

बूट फडताळात आहे, चादरींमागे. सार्जंटला अजून सांगितलेलं नाही. का, ते विचारू नकोस. लिही.

बर्नाडेट

•

मेरिबार
सोमवार, ५ जानेवारी २०२६

गस,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. तीन दिवस ते मी फळीवर उपडं ठेवलं होतं. आज तुझेच शब्द तुला परत पाठवते, म्हणजे ते कसे दिसतात ते कळेल.

"बर्नी, इथलं ऊन डोकं भाजून काढतं. टोबीला सांग, सुट्टीत बियर कमी पी आणि सराव सुरू कर. या वर्षी त्याला मधल्या जागेवर खेळवणार आहे. रेनीला म्हणावं, आल्याचा केक पाठव, गेल्या वेळचा फार छान झाला होता. तुझा गस."

वेड पांघरून पेडगावला जायचं ठरवलंयस का? मर्वने शिकवलं हे? डोकं फिरल्याचं दाखवलं की कॉरोनर दया करील, असं कुणा वकिलाने सांगितलं? मग त्या वकिलाला सांग, क्विल्टींच्या घरात खोटं बोललेलं चालत नव्हतं आणि नाटक केलेलं त्याहून नाही. बाबांनी तुला पट्ट्याने मारलं असतं, आणि मी त्यांच्या हातात पट्टा दिला असता.

रेनीने केक पाठवावा म्हणतोस. ती गेल्या आठवड्यात दफनभूमीत दगड बसवायला गेली होती. चाळीस अंशांत, मुलीच्या डोक्यावर टोबीची टोपी घालून. परतताना माझ्याकडे आली आणि विचारलं, "त्या बुटाचं काही कळलं का?" मी म्हणाले, अजून नाही. तुझं कार्ड तेव्हा तिच्या पाठीमागच्या फळीवर होतं.

बर्नाडेट

•

मेरिबार
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

गस,

काल फोन वाजला. एक अनोळखी बाई.

"तुम्ही गसच्या बहीण ना? मी कोराली. पार्कर्स फाइंडच्या क्लबची सेक्रेटरी. घाबरू नका, वाईट काही नाही. म्हणजे, मरण-बिरण नाही."

"मग जे आहे ते सांगा."

ती भली बाई आहे, फार घोळवते. त्यातून जे निघालं ते असं. सराव मंगळवारी आणि गुरुवारी असतो. तू रविवारी गेलास. मैदानावर चिटपाखरू नाही, आणि तू फळा उभा करून सोंगट्या लावत बसलास. ती संध्याकाळी योगायोगाने तिथून गेली, तेव्हा तू भर उन्हात उभा होतास, ओठ फुटलेले. तिला म्हणालास, पोरांना उशीर होतोय.

"आणि एक विचारू का?" ती म्हणाली. "टोबी कोण?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, म्हणजे, आमच्याकडे मधल्या जागेवर जो खेळतो त्याला ते टोबी म्हणतात. त्याचं नाव टोबी नाहीये हो. पोरांना गंमत वाटते. आता सगळेच त्याला टोबी म्हणायला लागलेत."

तेवढं पुरलं नाही म्हणून तिने पुढचं सांगितलं. गेल्या गुरुवारी त्याच पोराला टक्कर लागली. उठला तेव्हा डोळे भलतीकडेच. तू म्हणालास, "शुद्धीवर आलास ना? मग जा."

"मग?"

"गेला. पण काही झालं नाही त्याला. देवाची कृपा."

"बाई, देवाला कामाला लावू नका. त्या पोराला डॉक्टरकडे न्या. आजच."

ती नेते म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला एक गंमत सांगते. त्याच्या डिकीत एकच बूट आहे. उजवा. पोरांनी एकदा विचारलं, कोच, दुसरा कुठे हरवला? तर म्हणाला, हरवला नाही, दुसरा बर्नीकडे आहे."

हे तिला गंमत म्हणून सांगायचं होतं.

गस, मी नाताळच्या कार्डाबद्दल जे लिहिलं त्यातलं नाटकाचं वाक्य मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही. गेल्या वर्षी तू ट्रक ओब्रायनांच्या शेतात सोडून चालत घरी आलास आणि तो चोरीला गेला म्हणून तक्रार करायला निघालास. मी म्हणाले, पीत जाऊ नकोस एवढी. एकाच जेवणात मला तीनदा विचारलंस, बाबा कधी गेले. तेही मी बियरच्या खाती टाकलं. नर्सला दिसायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हणू नकोस.

डॉक्टरांची वेळ घ्यायला मी कोरालीला सांगितलंय. जा. शर्ट धुतलेला घाल.

बर्नी

•

मेरिबार
सोमवार, ९ मार्च २०२६

गस,

कोरालीने कळवलं की तू डॉक्टरांकडे गेलास आणि त्यांनाच खेळाडू समजून, बरगड्या ठीक आहेत ना विचारून परत आलास. तिने हेही कळवलं की हंगामाचा पहिला सामना शनिवारी, अठ्ठावीस तारखेला आहे आणि तू संघ लावलायस. मधल्या जागेच्या सोंगटीवर टोबी लिहिलंय.

सार्जंट फाम म्हणतो, त्याचं काम संपलं. सोमवारी, तेवीस तारखेला दुपारी दोन वाजता तो सगळे जबाब शहरात कॉरोनरकडे पाठवणार. त्यात तुझा जबाब तसाच आहे. तो तुझ्या शब्दांत नाही, हे मला आता पहिल्या ओळीवरूनच दिसतं. 'बर्नाडेट क्विल्टी' तू जन्मात म्हणाला नाहीस. तो मर्वचा आहे. मर्वला क्लब वाचवायचा होता, त्याने लिहून आणला आणि तू खाली सही केलीस. त्या दिवशी तुला आठवत होतं की नव्हतं, ते देवाला माहीत. मला तुझ्याकडून ते आता काढता येणार नाही.

काल मी रेनीला बूट कुणाचा ते सांगितलं. फडताळातून काढून तिच्यापुढे ठेवला आणि एकोणीस दाखवलं. कधीपासून माहीत आहे, तेही सांगितलं. मला वाटलं, ती उठून जाईल. ती गेली नाही. बूट मांडीवर घेऊन बसली.

"कापूस त्याने कोंबला असेल?"

"हो."

"टोचू नये म्हणून." ती हसल्यासारखं करून थांबली. "मारायला पाठवायचं, पण टोचू नये म्हणून कापूस."

मग म्हणाली, "त्याला विचारलंस?"

"विचारतेय. ऑगस्टपासून."

"मग तो सगळंच विसरायच्या आत एकदा नीट विचार. सोमवारी बाराला मी येते. त्याने लिहिलं तर त्याचं पत्र आणि बूट, नाही लिहिलं तर नुसता बूट. पण मी सार्जंटकडे जाणार, बर्नी. तू नाही म्हणालीस तरी जाणार."

मी नाही म्हणाले नाही.

म्हणून नीट विचारते. एकोणीस जुलैला काय झालं, ते मी आता विचारत नाही. तुला टोबी मेला हे कुणी सांगितलं तर तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडशील, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याला सरावाला बोलावशील. तरी मी ते इथे लिहिते, कारण तुला कुणीतरी लिहून द्यायला हवं. टोबी नॉस्के मेला, गस. तुझा बूट घालून मेला. दगडावर त्याचं नाव आहे, रेनीच्या सासऱ्याने कोरून घेतलंय. तुझ्या मैदानावर जो पोरगा मधे उभा असतो, त्याचं नाव कोरालीला विचार आणि त्या नावाने हाक मार.

आता तुझ्या गाडीपाशी जा. डिकी उघड. आत एक उजवा बूट आहे. त्याची जीभ उलटी कर. त्यावर काय लिहिलंय आणि ते कुणाच्या अक्षरात आहे, ते या कागदाच्या मागे लिही. त्याचा डावा जोडीदार बर्नीकडे आहे, असं तू पोरांना सांगतोस. बरोबर सांगतोस. तो माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे टोबीच्या पायातून आला. एवढ्यावरून तुला जे उमजेल, ते एका ओळीत लिही. काहीच उमजलं नाही, तर 'आठवत नाही' लिही. 'बर्नीने बूट परत दिला' या वाक्यापेक्षा ते एक लाख पटीने बरं. तुझ्या अक्षरात ते कागदावर आलं तर कॉरोनर तुला आजारी माणूस म्हणून वाचेल. नाही आलं तर खोटारडा म्हणून वाचेल, आणि मी ते थांबवू शकणार नाही.

आणखी एक. तू सतरा वर्षांचा होतास तेव्हा मी पहिल्यांदा तुझा डावा बूट काढला. तू मला शिव्या दिल्यास, रडलास, आईच्या शपथा घातल्यास, पण मैदानात पाऊल टाकलं नाहीस. रीत तुला तेव्हाही माहीत होती. डोकं ठिकाणावर नसतानाही माहीत होती. तर ऐक. तुझा डावा बूट माझ्याकडे आहे. म्हणजे अठ्ठावीसला तू मैदानात उतरायचं नाही. त्यापुढेही नाही. फळा आणि सोंगट्या कोरालीच्या हातात दे आणि बाहेर बाकावर येऊन बस. मी तिला कळवलंय. रस्ता लांबचा आहे, पण वेळ पडली तर मी येऊन तुझ्या शेजारी बसेन.

उत्तर तुझ्या हाताने हवं, पेनाने, सहीसकट. फोन नको, कोरालीकडून निरोप नको, मर्वला विचारून तर मुळीच नको. सोबत तिकीट लावलेला लखोटा आहे, पत्ता मी घातलाय. सोमवार, २३ मार्च २०२६, दुपारी बारा वाजायच्या आत तो माझ्या हातात पडला पाहिजे. मी आणि रेनी दारात उभ्या असू, तीन बूट पिशवीत घालून.

बर्नी